खालच्या रांगेतलं जाकीट

दि. ३ ऑगस्ट

ती. मामा,

नमस्कार. काल भाजी निवडता निवडता आईने सांगितलं की तुम्ही मालकाकडे नोकरी धरलीत. कुठला मालक, असं मी विचारलं. ती नुसती देठं मोडत राहिली. तेव्हा कळलं कुठला.

आज लॅबमध्ये एका बाईंच्या रक्ताच्या नळीवर मी दुसऱ्याच बाईंचं नाव चिकटवलं. लगेच लक्षात आलं, काढलं, पुन्हा तपासलं, तरी दिवसभर प्रत्येक नळी तीनतीनदा वाचत होते. माझ्याकडून असं होत नाही. गॅस बंद केला का हे बघायला मी अर्ध्या जिन्यातून परत जाते म्हणून तुम्हीच मला हसता. हे पत्रही रागाच्या भरात लिहिलेलं नाही. आधी कच्चं लिहिलं, वाचलं, आता पक्कं करते आहे.

मला माहीत आहे तेवढं क्रमाने लिहिते. चुकत असेन तर दुरुस्त करा.

बाबा मालकाच्या प्रवासी लाँचवर सारंग होते, लाँच तेच चालवायचे. खाडीच्या तोंडाशी वाऱ्याने लाँच कलंडली तेव्हा त्यांनी बाकाखालची पेटी उघडून लोकांना तरंगायची जाकिटं वाटली आणि शेवटचं स्वतः घातलं. जाकिटं मिळालेले बरेच लोक तरले, काही बुडाले. बाबा बुडाले. तुम्ही तेव्हा तटरक्षक दलात होतात, शोधाला तुमचीच बोट आली आणि बाबांना पाण्यातून तुम्हीच बाहेर काढलंत. चौकशीत मालकाने सांगितलं की जाकिटं उत्तम होती, वाचलेल्यांनाच विचारा. वाचलेल्यांनीही तसंच सांगितलं. मग अहवालात आलं: 'सारंगाने स्वतःच्या जाकिटाचे बंद नीट बांधले नव्हते. यावरून त्याचा एकूण निष्काळजीपणा दिसतो.' म्हणजे लाँच कलंडली तीही बाबांमुळे आणि माणसं गेली तीही बाबांमुळे. दुकानात आईला सुटे पैसे हातात द्यायच्या ऐवजी फळीवर ठेवायला लागले लोक. आम्ही ते गाव सोडलं.

आता मालकाच्या नव्या लाँचला लांबच्या मार्गाचा परवाना हवा आहे. परवान्यासाठी सुरक्षा सल्लागार हवा आहे. आणि तो सल्लागार तुम्ही.

त्याने तुम्हालाच का बोलावलं हे तुम्हाला दिसत नाही असं मी मानायला तयार नाही. बुडालेल्या सारंगाच्या सख्ख्या मेहुण्याने सही केली की सगळ्यांची तोंडं आपोआप बंद.

मला त्या माणसाचं वाईट झालेलं बघायचं आहे. मोघम नाही, नीट, सगळ्यांच्या देखत, आणि त्याला कारण कळेल असं. हे लिहिताना मला लाज वाटायला हवी, वाटत नाही. तुम्ही मात्र त्याच्या खुर्चीत बसलात.

आईची तब्येत बरी आहे.

तुमची भाची

*

दि. ११ ऑगस्ट

चि. काळजीवाहू,

अनेक आशीर्वाद. तुझं 'तुम्ही' वाचून आधी हसू आलं, मग गेलं. बोबडं बोलायला लागलीस तेव्हापासून मला अरेतुरे करतेस. एकदा माझ्या जवानांसमोर 'मामा, तुझी टोपी वाकडी आहे' म्हणालीस आणि पुढची दोन वर्षं त्यांनी माझ्या टोपीकडेच पाहिलं.

पत्र लिहिलंस ते बरं केलंस. माझे कान इंजिनांनी खाल्ले, फोनवर आता फक्त भांडणारी माणसं ऐकू येतात, तीही अर्धी.

मी दोरखंडाच्या दुकानावरच्या खोलीत राहतो. खाली दिवसभर दोर मोजतात, वर माझ्या अंथरुणालासुद्धा काथ्याचा वास येतो. मालकाचं ऑफिस जेटीसमोरच आहे. टेबलाच्या काचेखाली त्याच्या सगळ्या लाँचचे फोटो आहेत, एक सोडून. मला फिरती खुर्ची दिली आहे. समोर 'कमांडंटसाहेब' म्हणतो, पाठीमागे 'आपला म्हातारा'. हे मला त्याच्याच एका खलाशाने सांगितलं, मोठ्या प्रेमाने, दोन्ही कानांत.

नव्या लाँचवरच्या पेट्या पाहिल्या. जाकिटं कोरी आहेत, शिट्टीसकट. पाहिलं तसं लिहून दिलं.

आईच्या गुडघ्याला तेल लावत जा. तिला सांग, मी जेवतो वेळेवर.

एक विचारतो, सहज. बाबांनी पेटीतून जाकिटं कशी काढली ते वाचलेल्यांपैकी कोणी बोललं होतं का? वरून एकेक उचलली, की पेटी उपडी केली? आठवलं तर कळव.

मामा

*

दि. २० ऑगस्ट

मामा,

तुम्ही 'पाहिलं तसं लिहून दिलं' हे मी चार वेळा वाचलं. मग आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, दादा आता दमला असेल गं. मला दमलेल्या माणसांबद्दल काही म्हणायचं नाही. दमलेली माणसं घरी बसतात, फिरत्या खुर्चीत बसत नाहीत.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण विचारलेल्याचं उत्तर द्यावं हे मला घरातच शिकवलेलं आहे. त्या लाँचवर शाळेच्या एक बाई होत्या, त्या वाचल्या. आम्ही गाव सोडायच्या आधी त्या घरी आल्या होत्या. त्यांनी सांगितलं की बाबा पेटीवर वाकून वरून एकेक जाकीट उचलून देत होते आणि 'ढकलू नका, सगळ्यांना आहेत' म्हणत होते. बाईंना अगदी सुरुवातीचं मिळालं. हे सांगताना त्यांना रडू आवरेना, जणू त्यांनी बाबांचंच घेतलं होतं. आता 'सहज' विचारलंत म्हणून मी हे सगळं पुन्हा आठवून लिहिलं. 'सहज' या शब्दाचाच मला राग आला आहे.

बाबांनी मला अक्षरांच्या आधी गाठी शिकवल्या. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या पायाला सुतळी बांधून. शाळेत घातलं तेव्हा मला 'अ' येत नव्हता, पण बोटीची कुठलीही गाठ डोळे मिटून येत होती. ती सुटली तर बाबा रागवायचे नाहीत, नुसते म्हणायचे, 'आता या गाठीला एक माणूस लटकलेला आहे असं समज.' अशा माणसाने स्वतःचा बंद चुकीचा बांधला हे तुम्ही चौकशीत ऐकून घेतलंत. आता त्याच मालकाच्या पेट्या चांगल्या आहेत असं लिहून देताय.

नव्या लाँचचं उद्घाटन ठरलं आहे असं कळलं. मी त्या दिवशी जेटीवर येऊन उभी राहणार आहे. अहवालातलं ते वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून गळ्यात अडकवीन, आणि खाली लिहीन की ज्यांनी प्रेत काढलं ते आता मालकाचे नोकर आहेत. मी भित्री आहे, माणसांत बोलताना माझी जीभ अडखळते, पण उभं राहायला जीभ लागत नाही.

भाची

*

दि. २ सप्टेंबर

चि. काळजीवाहू,

गळ्यात काही अडकवू नकोस. मला वाटलं होतं की काम झाल्यावर सांगावं. पण तू आलीस आणि मालक सावध झाला तर सगळं पाण्यात जाईल, म्हणून आताच सांगतो. हे आईला माहीत आहे. तुला सांगायचं नाही असं तिनेच मला शपथ घालून बजावलं होतं. तू तेव्हा कॉलेजात होतीस, पोर मालकाच्या दारात जाऊन डोकं आपटेल अशी तिला भीती होती. आता शपथ मोडतो आहे. तिच्याशी भांडू नकोस.

बाबांचा बंद नीट बांधलेला होता. दुहेरी गाठ, टोकं आत खोचलेली. पाण्याने इतकी आवळली होती की मला ती सोडवता आली नाही, चाकूने कापावी लागली. मी ते जाकीट उचललं तेव्हा हाताला झटका बसला. ओल्या गादीसारखं जड. आत फोम नव्हता. चिंध्या होत्या, वर स्पंजचा एक पातळ पापुद्रा.

मी ते पोत्यात घालून, लाख लावून बंदर कार्यालयात दिलं आणि कापलेल्या गाठीसकट सगळं रिपोर्टात लिहिलं. चौकशीत पोतं उघडलं तेव्हा आतून छान, हलकं, फोमचं जाकीट निघालं. टाकीत टाकलं, तरंगलं. मी बोललो. मला सांगण्यात आलं की मृताचे नातेवाईक असल्यामुळे साहेबांच्या भावना समजू शकतात.

आमच्या नोकरीची एक गंमत आहे. बोटींच्या पेट्या तपासणं आमचं काम नाही, ते बंदर खात्याचं. आमचं काम माणूस पाण्यात पडल्यावर सुरू होतं. गणवेशात असताना मला मालकाच्या लाँचवर चढून पेटी उचकायचा अधिकार नव्हता. निवृत्तीनंतर त्यानेच तो मला दिला. सही त्याला माझी हवी होती, तू लिहिलंस त्याच कारणासाठी. तुझं डोकं बरोबर चालतं.

आणि आता ऐक. मालकाच्या प्रत्येक लाँचवर पेटीत जाकिटं रचायची एक रीत आहे. वरची रांग खरी. निरीक्षक येतो, वरचं उचलतो, दाबतो, शिट्टी वाजवून बघतो, चहा पितो, जातो. खालची रांग चिंध्यांची. खलाशी उघड बोलतात, 'वरची पाहुण्यांची, खालची घरची.' आपण पाहुण्यांचे कप वेगळे ठेवतो तसं. त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही, कारण जाकिटं ही बुडण्यासाठी नसून तपासणीसाठी असतात अशीच त्यांची समजूत आहे. बाबा सारंग होते, पण पेट्या मालकाची माणसं भरून कुलूप लावत. चावी ऑफिसात. बाबांनी त्या दिवशी कुलूप तोडलं.

म्हणून तुला विचारलं. वरून एकेक दिलं, म्हणजे वरच्या रांगेतले वाचले आणि तेच साक्षीला आले. बाबांनी सगळ्यात शेवटी घेतलं, म्हणजे तळातलं.

मी वरची जाकिटं पाहिली आणि पाहिलं तसं लिहून दिलं. खालची पाहिल्याचं मला त्याला कळू द्यायचं नव्हतं. आता तू विचारशील, एक उचलून बंदर अधिकाऱ्याला का देत नाहीस. एकदा दिलं होतं. लाँचवरून निघालेली वस्तू वाटेत बदलते. ती पेटीतून थेट पाण्यात गेली पाहिजे, माणसाच्या अंगावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

उद्घाटनाला बंदर अधिकारी आणि वर्तमानपत्रवाले येणार आहेत. मी कार्यक्रमात सराव ठेवला आहे: मालकाने स्वतः आपल्या लाँचवरचं जाकीट घालून जेटीवरून उडी मारायची. त्याला कल्पना फार आवडली, फोटो येईल म्हणून. जाकीट तो वरचं समजतो आहे. मी तळातून काढणार आहे.

मामा

*

दि. ९ सप्टेंबर

मामा,

तुला आता 'तुम्ही' म्हणणार नाही. आधीच्या पत्रांबद्दल माफी नंतर मागेन, आता माझ्याकडे तेवढी जागा नाही.

मी आईशी भांडले नाही. तिच्याजवळ जाऊन बसले. ती म्हणाली, 'सांगितलं ना दादाने.' मी हो म्हटलं. मग आम्ही दोघी बराच वेळ बाबांच्या गाठीबद्दल बोललो. ती मला म्हणाली की बाबा शर्टाची बटणंसुद्धा दोनदा चाचपून बघायचे, तू त्यांच्यावर गेलीस.

मालकाला पोहता येतं का? मला आठवतं की तो कधी लहान होडीत पाय ठेवायचा नाही. येत नसेल तर माझं एक ऐक. त्याला उडी मारू दे. ते जाकीट पाणी पिऊ दे. तुझी वाचवणारी मुलं असतील, त्यांना जरा उशिरा पाठव. फार नाही. चिंध्या छातीवर कशा ओढतात हे त्याला समजेल इतकाच उशीर. बाबांना कोणी लवकर पोहोचलं नव्हतं. वर आल्यावर त्याला शेवटी काय आठवलं ते मला विचारायचं आहे. आणि नाही आला वर, तर नाही विचारणार.

भाची

ता. क. हे पत्र पोस्टाच्या पेटीत टाकून घरी आले, परत गेले, पेटीच्या फटीत हात घालून पाहिला. मनगटापर्यंतच गेला. पोस्टमन म्हणाला, 'ताई, पडलेलं पत्र आमचं.' पण मी इतकी गयावया केली की त्याने पेटी उघडल्यावर लिफाफा माझ्यासमोर धरला. मग मी तो परत घेतला नाही. फाडून टाकलं असतं तर मी असं लिहिलंच नाही असं मला वाटायला लागलं असतं. त्याच्याच पेनाने लिफाफ्याच्या पाठीवर एवढंच लिहिते आहे. वाच, आणि मी कशी आहे ते तुला कळू दे.

*

दि. १७ सप्टेंबर

चि. काळजीवाहू,

पत्र वाचलं, पाठही वाचली. कशी आहेस ते मला माहीत होतं. घाबरू नकोस, तू काही वेगळं मागितलं नाहीस. मीही काथ्याच्या वासात पडून हेच मागतो.

पण तसं होणार नाही. कारण सांगतो.

नोकरीत नवा होतो तेव्हा चोरटा माल नेणाऱ्या एका बोटीचा आम्ही पाठलाग केला. त्यांनी गोळ्या झाडल्या. आमच्या सुकाणूवाल्याचा गाल फाटला. मग त्यांच्याच इंजिनाने पेट घेतला आणि ते सगळे पाण्यात. माझ्या हातात बोटीचा वेग होता आणि मी तो कमी केला. मुद्दाम. रक्ताने भरलेला गाल माझ्या शेजारी होता. माझ्या कप्तानांनी माझा हात धरून तो लिव्हरवर पुढे ढकलला. आम्ही एकेकाला ओढून काढलं. एकजण वर येता येता माझ्या मनगटाला चावला. रात्री जेवताना कप्तान म्हणाले, 'पाण्यातल्या माणसाला नाव नसतं. नाव किनाऱ्यावर विचारायचं, आणि तिथे मात्र सोडायचं नाही.' त्यानंतर वादळातून मच्छीमार काढले, कर्ज बुडवून पळणारे काढले, बायकोला ढकलून देऊन स्वतःही पडलेला एक नवरा काढला. बायको आधी काढली. पण तोही काढला.

तेव्हा मालक पाण्यात असेल तेवढा वेळ मी त्याचा रक्षक आहे. आणि खरं सांगू, मला तो मेलेला नको आहे. मेलेल्या माणसाला हार घालतात. मला तो कोरड्या कपड्यांत, चौकशीच्या बाकावर हवा आहे, बाबांबद्दल लिहिलेलं ते वाक्य त्याच्या तोंडून मोठ्याने वाचवून घ्यायचं आहे.

वाचवायला चार तरुण खलाशी निवडले आहेत, त्यांना रोज शिकवतो. उतावळी पोरं आहेत. कोणी पाण्यात पडलं की चौघेही धप्पकन मागे उड्या मारतात, आणि मग वाचवणाऱ्यांनाच वाचवावं लागतं. म्हणून नियम घातला आहे: पाण्यातल्या माणसाने हात वर केल्याशिवाय कोणी जागचं हलायचं नाही. आता शहाणी झाली आहेत. हाताकडे डोळे लावून बसतात.

मालक मात्र दोन दिवस खोकतो आहे. उद्घाटनाच्या दिवशी त्याला ताप येईल असा माझा अंदाज आहे. मी पेटीतली खालची रांग आवरताना त्याने मला पाहिलं असावं. पण सराव होणार. त्याने उडी मारली नाही तरी जाकीट पाण्यात जाणार. ते माझ्यावर सोड.

तू येऊ नकोस. आईजवळ राहा.

मामा

*

दि. ६ ऑक्टोबर

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. हे पत्र मी वॉर्डातल्या सिस्टरबाईंच्या हाती देते आहे. तुझ्या छातीत पाणी गेल्यामुळे तुला बोलायला मनाई आहे, वाचायला नाही, हे मी डॉक्टरांना दोनदा विचारून घेतलं. मी उशाशी बसले होते, तू झोपला होतास. रजा संपली म्हणून निघाले. आई आहे तुझ्यापाशी.

हो, उद्घाटनाला मी आले होते. गळ्यात काही अडकवलं नव्हतं. जेटीवर टोकाला, मालकाच्या खुर्चीसमोर उभी होते. तुला दिसू नये म्हणून डोक्यावरून ओढणी घेतली होती. तू खाली बघत होतास, पेटीकडे.

तुला जे ऐकू आलं नाही आणि दिसलं नाही तेवढंच लिहिते. बाकी तुला माहीत आहे: मालकाने गळ्याला मफलर गुंडाळून, उडी मला जमणार नाही म्हणून सांगितलं, लोक हसले, आणि तू हात पेटीत तळापर्यंत घातलास. त्या वेळी तो बंदर अधिकाऱ्याला म्हणाला, 'साहेब, वरचं घ्या म्हणावं त्यांना, खालची दमट असतात.' तुला ते ऐकू गेलं नसेल. तू जाकीट चढवलंस, बंद बांधलास, आणि कोणाला काही न विचारता उडी मारलीस. हे तू मला कळवलं नव्हतंस. 'ते माझ्यावर सोड' याचा अर्थ मी वेगळा घेतला होता.

आता जे सांगायचं आहे ते. मी पाण्याकडे बघतच नव्हते. मी मालकाच्या तोंडाकडे बघत होते. इतकी वर्षं मला ते तोंड तशा वेळी बघायचं होतं आणि मी एक क्षणही वाया घालवायला तयार नव्हते. तू मारलेल्या उडीचे शिंतोडे माझ्या पायावर आले, तरी मी वळले नाही. तू वर आलास, परत खाली गेलास, परत थोडा वर आलास, हे मला मागाहून लोकांनी सांगितलं. तुझी ती चार मुलं तुझ्या हाताकडे डोळे लावून बसली होती. जाकिटाने दोन्ही दंड आवळलेले, तू हात वर कुठून करणार? ती तुझी वाट बघत राहिली. अधिकारी टाळी वाजवायच्या बेतात होते. सगळ्यांना वाटलं, कमांडंटसाहेब काहीतरी करून दाखवताहेत.

समोरच्या खुर्च्यांवर एकट्या मालकाला खरं माहीत होतं. त्याच्या तोंडाचा रंग आधी गेला. मग त्याने खुर्चीचे हात धरले, उठला, बसला, आजूबाजूला पाहिलं. मी हे सगळं पाहिलं, मामा. तो गप्प बसायचं ठरवत होता. तो गप्प बसला असता तर तू गेला असतास, जाकीट तुझ्याबरोबर तळाला गेलं असतं, आणि वाचण्याची वाट त्याच्यासाठी मोकळी होती. मग तो ओरडला.

'काढा त्यांना. ते तरंगत नाही. काढा, आत चिंध्या आहेत.'

तेव्हा मुलांनी उड्या मारल्या. तेव्हा मी पाण्याकडे पाहिलं.

तुला वर घेतलं तेव्हा बंदर अधिकाऱ्यांनी जाकीट स्वतःच्या हाताने कापलं, फोटोवाल्यांच्या समोर. तिथेच पेटी उपडी केली. जुनी चौकशी पुन्हा उघडणार आहेत. बाबांबद्दलचं वाक्य काढून टाकायचा अर्ज आईने सही करून दिला.

बंदर कार्यालयात माझा जबाब घेतला. मालक आधी ओरडला, बाकी कोणी हलण्याआधी, हे मी लिहून दिलं. आई म्हणाली, तेवढं गाळ, त्याच्या वकिलाला आयता मुद्दा मिळेल. मी बाहेरच्या बाकावर बसून खूप विचार केला. ते शब्द ठेवले तर तो दयाळू ठरतो. गाळले तर त्याला ठाऊक होतं हे कशावरून? दोन्ही एकाच तोंडातून, एकाच दमात निघालं आहे. मला ते वेगळं करता आलं नाही. जसं होतं तसं लिहिलं, त्याचा रंग गेला, तो बसला, पुन्हा उठला, तेही.

बाहेर तो शिपायाशेजारी उभा होता. मफलर अजून गळ्यात होता. मला ओळखून जवळ आला. 'सारंगाची ना तू?' मी हो म्हटलं. म्हणाला, 'मी ओरडलो म्हणून तुझा मामा वाचला. हे विसरू नकोस.'

माझी जीभ अडखळेल असं वाटलं होतं. नाही अडखळली.

'विसरणार नाही,' मी म्हटलं. 'हेच तुम्ही चौकशीत ओरडला असतात तर मी तुमच्या पाया पडले असते.'

मला वाटलं होतं की अशा वेळी आत काहीतरी थंड होईल. झालं नाही. उलट जिना उतरताना लक्षात आलं की मी त्याला पाण्यात बघायचं सोडून दिलं आहे, बाकावर बघायचं नाही. तुझे कप्तान म्हणायचे तसं, आता आपण किनाऱ्यावर आहोत.

लवकर बरा हो. तुझा जबाब बाकी आहे, आणि तो घाईने देऊ नकोस, एकेक शब्द तपासून दे. त्याने मारलेली ती एक हाक मी माझ्या जबाबात त्याला पूर्ण दिली आहे, एक अक्षर कमी न करता. बाकीचं काहीही मी त्याला सोडणार नाही.

तुझी,
भाची